पारावरचा गोटा यंदा सापडत नाही

वरूड तालुका, आपलंच घर,
रामनवमीचा दुसरा दिवस, दुपार, पंख्याखाली

तीर्थस्वरूप गोवर्धनदादा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो (बसल्या बसल्या, मनातल्या मनात. वाकायला डॉक्टरने मनाई केलेली नाही, पण वाकून उठताना मी श्वास रोखतो असं सुभद्रेचं म्हणणं आहे, आणि श्वास रोखायला मनाई आहे). तुमची प्रकृती उत्तम असेलच, कारण ती उत्तम नाही असं तुमच्या तोंडावर म्हणणारा माणूस अकोल्यात अजून जन्मायचा आहे. मैनावहिनींच्या टाचा कशा आहेत? हे पत्र त्याच वाचून दाखवत असतील, कारण मोतीबिंदू पिकून गळायला आला तरी तुम्ही ऑपरेशन करून घेत नाही. पत्र लिहायचं कारण असं की फोनवर आजाराचं नाव निघालं की तुम्ही फोन ठेवता. पत्र तसं ठेवता येत नाही. वहिनी एकदा वाचायला बसल्या की संपेपर्यंत उठत नाहीत हे मला त्यांच्या लग्नापासून ठाऊक आहे. वलीभाईचा दानिश संत्र्याची रिकामी क्रेटं आणायला अकोल्याला येतो आहे, त्याच्याच हाती हे देतो. त्याला चहा पाजा. त्याला गाडी चालवत परत यायचं आहे, म्हणून त्याला तुमच्या तालमीच्या गोष्टी सांगू नका, त्याला झोप येते.

आता माझं ऐका. मला मुतखडा झाला आहे असं मला वाटत होतं. कंबरेत दुखायचं, म्हणून मी महिनोन् महिने पानफुटीचा पाला खाल्ला (सुभद्रेच्या कुंडीतलं झाड संपलं, मग शेजारच्या कुंडीतलं संपलं, मग शेजाऱ्यांनी कुंडी आत घेतली). शेवटी किशोर मला अमरावतीला घेऊन गेला. तिथे पोटावर तो गार चिकट पदार्थ लावून मशीन फिरवतात, ते केलं. मशीन फिरवणारा डॉक्टर एका जागी थांबला. पुन्हा तिथेच आला. मग त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिघं पडद्याकडे असे पाहून राहिले जसा आपल्या पोटात क्रिकेटचा सामना चालू आहे. मी म्हटलं, सापडला का खडा? तर म्हणे, खडा नाही आजोबा, काही दुसरंच आहे. दादा, इतके दिवस खाल्लेल्या पाल्याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

ते दुसरं म्हणजे असं. हृदयातून जी मोठी नळी रक्त घेऊन खाली येते, ती पोटात एका ठिकाणी फुगली आहे. बागेतल्या ड्रिपच्या नळीला कमजोर जागी फुगा येतो ना, अगदी तसं. ती असायला पाहिजे दोन सेंटीमीटर, माझी आहे चार पूर्णांक दोन. मोठे डॉक्टर धम्मदीप म्हणून आहेत, वयाने आपल्या किशोरएवढे, बोलायला चांगले. त्यांनी मला समजावं म्हणून सांगितलं की साधारण लिंबाएवढं समजा. मी आयुष्यभर संत्र्याच्या बागा उभ्या झाडावर पाहून आकार सांगितलेला माणूस, मला लिंबू कशाला सांगता? मी म्हटलं, चार पूर्णांक दोन म्हणजे चुरी, अगदी बारीक संत्रं. मंडीत असल्या फळाकडे व्यापारी ढुंकून पाहत नाही. ते म्हणाले, आम्हीही आत्ता नुसतं पाहणारच आहोत, दर सहा महिन्यांनी मोजणार, साडेपाचच्या आसपास गेलं किंवा भराभर वाढलं तर ऑपरेशन. म्हणजे साडेपाचला तोडणी. हे मला लगेच समजलं, आणि सुभद्रेला रडू का येऊन राहिलं ते समजेना.

नंतर मात्र मलाही समजलं. रस्त्यात, मोर्शीच्या पुढे, किशोरने गाडी खड्ड्यात घातली आणि मी पोट दोन्ही हातांनी धरलं. ते अजून पूर्ण सोडलेलं नाही. आता मी शिंकतो तेव्हा घरातले सगळे थांबून माझ्याकडे पाहतात. डॉक्टरने सांगितलं आहे की पोटात किंवा पाठीत एकदम जोराची कळ आली, घाम सुटला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, तडक दवाखाना. किशोरने गाडीचं तोंड कायमचं रस्त्याकडे करून ठेवलं आहे. परवा मला नुसती ढेकर आली तर पोराने चावी हातात घेतली.

बिडी सुटली. (सुटली म्हणजे सोडवली. सुभद्रेने बंडल चुलीत टाकलं आणि वर म्हणाली, "घ्या, ओढा आता धूर, चुलीपाशी बसून.") मीठ कमी झालं, म्हणजे जेवण संपलं असंच समजा. आणि रक्तदाब मोजायचं मशीन आलं. डॉक्टरचं म्हणणं, मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, बोलायचं नाही, पाय जमिनीवर. आपल्या घरात पाच मिनिटं शांतता कधी झाली होती ते तुम्हाला आठवत असेल तर कळवा. मी बसलो की सुभद्रा विचारते, बसले का? मी हो म्हटलं की ती म्हणते, बोलू नका म्हटलं ना. आकडा चढतो. गल्लीतले लोकही येऊन बाही वर करतात. वलीभाईचा आकडा माझ्यापेक्षा चांगला आला तर तो दोन दिवस मान ताठ करून फिरला, जसा निवडून आला आहे. आणि एक सांगतो, राग मानू नका. तुमचा फोन येऊन गेला की माझा आकडा हमखास वर असतो. आधी मला वाटलं तुम्ही रागावता म्हणून. पण तसं नाही. तुम्ही शेवटी "येतो मी हनुमान जयंतीले, गोटा उचलाले" म्हणता ना, तिथून चढतो.

तिकडे येतोच, आधी माझा मूर्खपणा ऐका. घरी आल्यावर मी विचार केला की फळ वाढू द्यायचं नसेल तर काय करतात? पाणी तोडतात. तुम्ही बागेत कधी रमला नाहीत, पण झाडाचं पाणी तोडलं की फळ आहे तिथेच थांबतं हे आपल्या तालुक्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तेव्हा मी कोणाला न सांगता माझं पाणी तोडलं. सकाळी अर्धा पेला, रात्री अर्धा, तेही गोळीसाठी. वरून चैत्राचं ऊन. चौथ्या दिवशी फळाचं काय झालं ठाऊक नाही, पण बाकीच्या पोटाने काम थांबवलं. मी संडासात जाऊन बसलो आणि जरा जोर लावायला गेलो, तोच आठवलं की डॉक्टरने बोट नाचवून सांगितलं होतं, जड उचलायचं नाही, श्वास रोखायचा नाही, आणि संडासात कुंथायचं तर अजिबात नाही. झालं. मी तिथेच थिजलो. जोर लावावा तर फुटतो, उठावं तर उठतानाही जोर लागतो. मी आतून हळू आवाज दिला (मोठ्याने ओरडायलाही जोर लागतो). सुभद्रेला ऐकू गेलं नाही, शेजारणीला गेलं, ती भिंतीपलीकडून म्हणाली, "वामनभाऊ, काय होऊन राहिलं?" आता काय सांगणार, काहीच होऊन राहिलं नव्हतं.

मग किशोरने डॉक्टरला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून त्याचा आवाज मोठा केला, त्यामुळे पुढचं सगळं गल्लीने ऐकलं. डॉक्टरने विचारलं, पाणी किती पिता? मी आतून खरं सांगितलं. काहून कमी केलं? मग मला दाराआडून झाडाचं, फळाचं आणि पाणी तोडण्याचं सगळं शास्त्र सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुमच्या पोटात झाड नाही. भरपूर पाणी प्या, इसबगोल घ्या, आणि आता हळू श्वास सोडत सोडत उठा, काही होत नाही. मी उठलो. काही झालं नाही, कोणत्याच बाजूने. (डॉक्टरने फोन ठेवण्याआधी हळूच विचारलं की त्यांच्या सासऱ्यांच्या बागेत फळगळ फार होऊन राहिली आहे, काय करावं. मी दाराआडूनच सांगितलं. तेवढा मान राहिला.)

आता व्यायाम. तुम्ही म्हणाल, वामन्याने जन्मात केला नाही, आता कोणता करणार. पण डॉक्टर म्हणतात व्यायाम पाहिजेच, नुसतं पोट धरून बसलं तर रक्तदाब चढतो. रोज चालायचं, सपाट रस्त्याने, आणि वेग असा की चालताना बोलता आलं पाहिजे. बोलता आलं तर ठीक, बोलताना धाप लागली तर हळू. हा नियम मला एकदम आवडला. मी रोज सकाळी नाल्यापर्यंत बोलत जातो आणि बोलत येतो. अडचण एवढीच की बोलायला माणूस लागतो. पहिले काही दिवस चार-पाच जण सोबत होते. मग एकेकाचे गुडघे दुखायला लागले. आता फक्त वलीभाई येतो, आणि तोही कानात ते मोबाइलचं बोंडूक घालून येतो. मी विचारलं तर म्हणतो, "तुम बोलो वामनराव, मय सुन रहा." सुभद्रा दारात उभी राहून कान देते. म्हणते, "आवाज येऊन राहिला म्हणजे मी निवांत. तुमचं तोंड बंद झालं की दवाखान्यात नेलंच समजा."

चालताना मी बहुतेक बाबांची गोष्ट सांगतो. त्याचंही कारण आहे. डॉक्टर धम्मदीपने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, वडील कशाने गेले? मी म्हटलं, वांग्याने. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी सांगितलं की आत्याच्या शेतात रोडग्यांचं जेवण होतं, बाबा वांग्याच्या भाजीवर तुटून पडले, जेवून उठले आणि झाडाखाली कळ आली म्हणून बसले, पोटातून पाठीत, घाम असा की बंडी भिजली, आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. तेव्हापासून आपण आत्याच्या घरचं पाणी पीत नाही. तुम्ही तर तिच्या घरच्या बारशाला गेलात तेव्हाही घरून डबा नेला होता. डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आजोबा, वांग्याने असं होत नाही. हे तुमच्याकडे आहे ना, तेच त्यांना असावं, आणि ते फुटलं असावं. दादा, मला आधी आत्या आठवली. आत्या आपल्या दारात येऊन शपथा घ्यायची, "बाई गं, साऱ्यायनं तीच भाजी खाल्ली," आणि तुम्ही दार लावून घ्यायचे. आता ती नाही. तिच्या सुनेला मी परवा फोन केला आणि रोडग्यांना बोलाव म्हटलं. ती म्हणाली, "भाऊजी, भाजी कोणती करू?" चांगली बाई आहे, पण जीभ आत्याचीच आहे.

मग डॉक्टरने विचारलं, भाऊ आहे का? मी म्हटलं, आहे, मोठा आहे, अकोल्याला असतो, बिडी ओढतो, आणि त्याला काही होत नाही. तो विषय तिथेच संपला.

राहिली हनुमान जयंती. तुम्ही दरवर्षी येता, मारुतीच्या पारासमोर लंगोट कसून उभे राहता, तो गोटा छातीला लावता, गाल फुगवता, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या होतात, आणि आख्खं गाव टाळ्या वाजवतं. सगळ्यांत जोरात मी वाजवतो. मी पोटात हे घेऊन हिंडायला लागलो तेव्हापासून मला झोपेतही तुमचे ते फुगलेले गाल दिसतात. पण काळजीचं कारण उरलं नाही, कारण गोटा पारावरून नाहीसा झाला आहे. कोणी म्हणतं रस्त्याच्या कामावाल्यांनी खडीत घातला, कोणी काही म्हणतं. माझं काही म्हणणं नाही. तेव्हा यंदा लंगोट आणू नका. चांगलं धोतर नेसून या, आरती करा, प्रसाद खा, रोडगे आत्याच्या सुनेकडे आहेत.

वहिनींना नमस्कार. चुकलंमाकलं असेल तर फोनवर रागवा, पण सकाळी नको, तेव्हा मी आकडा मोजत असतो.

तुमचा धाकटा,
वामन

ता. क. वहिनी, इथून पुढचं मनात वाचा. दादांना संशय येऊ नये म्हणून तोंडाने मोठ्याने संत्र्याचे भाव वाचल्यासारखं काहीतरी म्हणत राहा, त्यांना त्यातलं कळत नाही.

वहिनी, तो विषय तिथे संपला नाही. डॉक्टर म्हणाले, वडील असे गेले, तुम्हाला हे आहे, म्हणजे भावाला असण्याची शक्यता पुष्कळ. बिडी ओढणारा, सत्तरी ओलांडलेला, त्याने तर पोटाची सोनोग्राफी केलीच पाहिजे, आणि ती होईपर्यंत वजन उचलायचं नाही. मी त्यांना गोट्याचं सांगितलं तर त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. दादांना सरळ सांगितलं तर ते त्याच दिवशी दोन गोटे उचलतील हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून किशोरने तिकडच्या एका डॉक्टरकडे परवा सकाळची वेळ घेतली आहे. उपाशी पोटी न्यायचं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळता येतं का ते पोट तपासून कळतं, असं सांगा. दानिश क्रेटं घ्यायला आला आहे हे खोटं, क्रेटं आपल्याकडे ढीगभर पडली आहेत. तो तुम्हाला घेऊन जायला आला आहे, आणि काम होईपर्यंत हलणार नाही.

आणि गोटा आम्ही चोरला. परवा ऐन दुपारी, गावात कुत्रंही बाहेर नव्हतं, तेव्हा दानिशची गाडी पाराला लावली. मला उचलायला मनाई, म्हणून मी छत्री धरून पहाऱ्याला. मी दानिशला म्हणत होतो, चार माणसं बोलाव, दोर आण, फळी लाव. तेवढ्यात वलीभाई पुढे झाला (वलीभाई, ज्याला पाण्याचा हंडा उचलवत नाही) आणि गोटा काखेत मारून गाडीकडे निघाला, जसं बाजारातून टरबूज आणून राहिला आहे. तो म्हणाला, "वामनराव, ये वो गोटा नही ना. असली तो वो हय," आणि त्याने देवळामागे बोट दाखवलं, जिथे पुजाऱ्याच्या बकऱ्या बांधतात. मग सगळं बाहेर आलं. दादांच्या गुडघ्याचं झालं त्या वर्षी तुम्हीच वलीभाईला निरोप धाडला होता, त्याने आणि पुजाऱ्याने मिळून हा हलका गोटा शोधला, तेल-शेंदूर लावून जुना केला, आणि गावाने इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या. गावात हे ठाऊक नसलेले दोघेच होतो, दादा आणि मी. वहिनी, मी दरवर्षी घसा फाटेपर्यंत ओरडलो. एवढं तरी तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं.

पण हलका असला तरी दादा तो खऱ्यासारखाच उचलतात, गाल फुगवून, श्वास रोखून, म्हणून त्यालाही ठेवून चालत नाही. सध्या सुभद्रेने तो मागच्या दाराला अडण म्हणून लावला आहे. वारा आला की तो सरकतो.

दादा तपासणीला नाहीच म्हणाले, तर शेवटचा उपाय म्हणून त्यांना गोट्याचं खरं सांगा, म्हणजे ताकदीचा ताठा उतरेल. पण शक्यतो सांगू नका. त्यांचं बाबांसारखं एकदम व्हायला नको आहे, आणि हे गोट्याचं त्यांना कळायलाही नको आहे. मशीनमध्ये काही निघालं नाही तर पुढच्या वर्षी डॉक्टरला विचारून मी स्वतः तो पारावर नेऊन ठेवीन. (मी म्हणजे वलीभाई.)

वहिनी, आता पुन्हा मोठ्याने.

ता. क. दादा, एक राहिलंच. माझ्यासोबत चालायला आता कोणी उरलं नाही, वलीभाईच्या कानात बोंडूक असतं. तेव्हा रोज सकाळी मी तुम्हाला फोन लावतो. तुम्ही तिकडे अकोल्यात चाला, मी इकडे नाल्याकडे चालतो, आणि दोघं बोलत राहू. मी बोलत असलो म्हणजे माझं ठीक, तुम्ही मला शिव्या देत असलात म्हणजे तुमचं ठीक. एवढ्यासाठी फोन ठेवू नका. आणि वहिनींनी आत्ता मधेच वाचलेले संत्र्याचे भाव खरे धरू नका, खरे मी सांगतो, चालता चालता.